धुऱ्यावरचा कारखाना

खामगावच्या बसस्थानकावर किंवा चिखलीच्या बाजार समितीच्या ओट्यावर दहा मिनिटं बसलं, की एक प्रश्न कानावर पडतोच : "आपल्याइकडं मोठा कारखाना कधी येईन, भाऊ?" विचारणारा बहुधा पंचविशीतला असतो. घरी शेती आहे, पण तीन भावांत वाटली तर वाट्याला चार एकर येतात. आयटीआय झालं आहे. गावातले निम्मे सोबती चाकण-भोसरीला गेले आहेत आणि दिवाळीला येतात तेव्हा खोलीभाड्याच्या गोष्टी सांगतात.

प्रश्न खरा आहे. बुलढाणा जिल्ह्याचे तेरा तालुके, त्यांत पिकणारा कापूस, सोयाबीन, तूर, हरभरा, मका, मिरची आणि संत्रं बघितलं तर इथे कच्च्या मालाचा तोटा नाही. हाताला काम मात्र कमी पडतं. या प्रकरणात त्या प्रश्नाचं उत्तर जिल्ह्याच्या आतूनच शोधायचं आहे. शेताच्या धुऱ्यावर दरवर्षी जे जाळलं जातं, पोत्यात भरून जे बाहेर पाठवलं जातं आणि तलावाच्या तळाशी जे नुसतं पडून राहतं, त्यातून किती धंदे उभे राहू शकतात, आणि त्यात माती-पाण्याचं नुकसान न होता ते कसे टिकतात, हे पाहायचं आहे.

१. खामगावचा कापूस कुठे गेला?

आधी थोडं मागे जावं लागेल. वऱ्हाड १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आलं. पुढे १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस अडला, आणि इंग्लंडच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडावर वळली. खामगावची कापूस बाजारपेठ तेव्हा देशातल्या मोठ्या बाजारपेठांत गणली जात होती. ती इतकी महत्त्वाची होती की मुख्य रेल्वेमार्गावरच्या जलंबपासून खामगावपर्यंत जेमतेम तेरा किलोमीटरचा खास फाटा टाकला गेला, आणि १८७० मध्ये त्याच्या उद्घाटनाला गव्हर्नर जनरल लॉर्ड मेयो स्वतः आले.

रेल्वे आली ती कापूस घेऊन जायला. गाठी मुंबईला गेल्या, मुंबईहून जहाजात चढल्या आणि त्याच कापसाचं कापड परत येऊन खामगावच्या दुकानात विकलं गेलं. पिकवणाऱ्याच्या हाती आला तो फक्त बोंडाचा भाव. सूत काढणं, विणणं, रंगवणं, शिवणं या प्रत्येक पायरीची मजुरी आणि नफा दुसऱ्या गावांनी कमावला.

आजचं चित्र त्याहून बरंच बरं आहे. जिनिंग-प्रेसिंग इथे होतं, सरकीच्या तेलाचे घाणे आहेत, ढेप इथल्याच गाई-म्हशी खातात. साधा हिशेब असा : पाच क्विंटल कापूस जिनमध्ये घातला तर साधारण १७० किलो रुई निघते, म्हणजे नेमकी एक गाठ. उरते ती तीनशे किलोच्या वर सरकी आणि थोडी घट. सरकीतून तेल, तेलानंतर ढेप. जिनमध्ये वाया असं फारसं काही जात नाही. पण गाठ मात्र आजही बहुतेक वेळा जिल्ह्याबाहेरच्या सूतगिरणीचा रस्ता धरते. शिवाय कापूस वेचल्यावर शेतात जे उभं राहतं, त्याच्याकडे तर कोणी माल म्हणून बघतच नाही. त्याकडे पुढे येऊच.

२. दूध विकायचं की तूप?

पर्यावरणपूरक उद्योग म्हटलं की डोळ्यांसमोर पवनचक्की येते, नाहीतर काळे चकचकीत सौर पत्रे. ते आहेतच. पण कल्पना त्याहून जुनी आहे आणि ती समजायला घरातली दुधाची चरवी पुरते.

सकाळी दूध डेअरीत घातलं की भाव मिळतो आणि विषय संपतो. तेच दूध घरी ठेवलं तर साय निघते, विरजण लागतं, लोणी येतं, तूप कढतं. ताक घरच्यांना आणि शेजाऱ्यांना, बेरी पोरांना. प्रत्येक पायरीला कोणाचे तरी हात लागतात आणि कचऱ्यात काहीच जात नाही. दुधाच्या किमतीत तुपाची कमाई, आणि वर ताक फुकट. अर्थात मेहनत हवी, सरपण हवं आणि तूप विकेपर्यंत थांबायची ताकद हवी. ही शेवटची अट फार महत्त्वाची आहे. बहुतेक छोटे धंदे तिथेच बसतात.

कुठलाही उद्योग या चरवीशी ताडून बघता येतो. त्याचा कच्चा माल दरवर्षी पुन्हा उगवतो का, की एकदा उकरला की संपतो? काम झाल्यावर जे उरतं ते कोणाच्या उपयोगी पडतं, की नाल्यात जातं? आणि मिळालेला पैसा गावात किती वेळ फिरतो?

तिसरा प्रश्न थोडा उलगडायला हवा. समजा मेहकरमधल्या एका कामगाराला शंभर रुपये मजुरी मिळाली. त्यातले साठ त्याने मेहकरमध्येच खर्च केले : किराणा, चप्पल, पोराची शिकवणी. किराणावाल्याने त्या साठमधले साठ टक्के, म्हणजे छत्तीस रुपये, पुन्हा गावातच खर्चले. पुढे एकवीस, मग तेरा. ही सगळी बेरीज अडीचशेच्या घरात जाते. आता समजा प्रत्येक फेरीत वीसच टक्के गावात राहिले, बाकी यंत्राच्या हप्त्यात आणि बाहेरच्या मालकाच्या खात्यात गेले. मग बेरीज सव्वाशेवर थांबते. मजुरी तीच, शंभर रुपयांची. पण एका गावात तिने अडीचशेचं काम केलं आणि दुसऱ्यात सव्वाशेचं. मोठा कारखाना आला तर उत्तमच. पण त्याचा फायदा किती लोकांना मिळेल, ते या फेऱ्यावर ठरतं.

३. पऱ्हाटी

जानेवारी संपत आला की वऱ्हाडातल्या कापसाच्या शेतांना एक वेगळीच कळा येते. बोंडं वेचून झालेली, पानं गळालेली, आणि तपकिरी काटक्यांचं रान उभं. ही पऱ्हाटी. ती उपटायला लोखंडी चिमटा असतो. बुंध्याशी त्याचे दात अडकवायचे, दांड्यावर जोर द्यायचा, आणि मूळ मातीसकट वर येतं. दिवसभर हे काम केलेल्या माणसाचे तळहात संध्याकाळी बघावेत. उपटलेल्या पऱ्हाटीचे ढीग धुऱ्यावर लागतात. चुलीपुरती मोळी बाया घरी नेतात, थोडी कुंपणाला लागते. उरलेल्या ढिगाला एखाद्या संध्याकाळी काडी लावली जाते. फेब्रुवारी-मार्चमध्ये नांदुरा-मलकापूरच्या बाजूने रात्री गाडीने निघालं तर हे जाळ लांबून दिसतात.

किती जळतं? कापसाच्या एका हेक्टरमागे दोन ते तीन टन वाळकी पऱ्हाटी निघते. मधला आकडा, अडीच टन, धरू. हे लाकूडच आहे, आणि चांगलं लाकूड. एक किलो पऱ्हाटी जाळली तर सुमारे चार हजार किलोकॅलरी उष्णता मिळते. आपल्याकडच्या औष्णिक वीज केंद्रांत जाणारा देशी कोळसाही साधारण त्याच पंगतीत बसतो, आणि त्यात राख असते तीस ते पंचेचाळीस टक्के. पऱ्हाटीत राख त्याच्या पाव हिश्शाहूनही कमी. म्हणजे धुऱ्यावर एक टन पऱ्हाटी पेटते तेव्हा जवळपास एक टन कोळसाच उघड्यावर जळतो, आणि त्याच्या उबेला कोणी बसलेलंही नसतं.

मग ती कोणी विकत का घेत नाही? अडचण वजनाची नाही, आकारमानाची आहे. काटक्यांनी ट्रॉली शिगोशीग भरली तरी तिच्यात निम्म्याहून जास्त हवाच असते. डिझेल जाळून हवा वाहून नेणं कोणाला परवडणार? त्यासाठी पऱ्हाटी आधी बारीक करून दाबावी लागते. दाबलेल्या कांड्यांना ब्रिकेट म्हणतात, बाजारात 'व्हाइट कोल' या नावानेही त्या विकल्या जातात. बोटाएवढ्या बारीक गोळ्या केल्या तर त्या पेलेट.

यातली सुंदर गोष्ट अशी की या कांड्यांत डिंक किंवा गोंद काहीही घालावं लागत नाही. लाकडात लिग्निन नावाचा एक पदार्थ मुळातच असतो. झाडाचे तंतू एकमेकांना धरून ठेवणं हे त्याचं काम. तिळाच्या चिक्कीत गुळाचं जे काम, ते लाकडात लिग्निनचं. गूळ तापला की वितळतो, तिळाभोवती पसरतो, आणि थंड झाला की कडक होऊन सगळं धरून ठेवतो. ब्रिकेटच्या यंत्रात भुसा प्रचंड दाबाखाली साच्यातून ढकलला जातो, घर्षणाने तापतो, लिग्निन मऊ पडतं, आणि बाहेर आल्यावर कांडी दगडासारखी घट्ट होते. सुट्या भुशाच्या मानाने तिची घनता पाच-सहा पट. आता ट्रकमध्ये हवा जात नाही, माल जातो.

मुंबईत माटुंग्याला १९२४ पासून काम करणारी केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था आणि तिचं नागपूरचं केंद्र यांनी पऱ्हाटीवर बराच अभ्यास केला आहे. कांड्या, पेलेट आणि पऱ्हाटीच्या भुशापासून दाबून केलेले फर्निचरचे बोर्डसुद्धा. तंत्र हाताशी आहे. आता गिऱ्हाईक बघू.

डाळ मिल, तेल गिरणी, कापड रंगवायचे कारखाने, साबणाचे कारखाने अशा जिथे जिथे बॉयलर आहे, तिथे या कांड्या चालतात. सगळ्यात मोठं गिऱ्हाईक मात्र खामगावच्या अगदी शेजारी आहे. अकोला जिल्ह्यातल्या बाळापूर तालुक्यात पारसचं औष्णिक वीज केंद्र आहे, २५० मेगावॉटचे दोन संच. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये कोळशावरच्या वीज केंद्रांसाठी धोरण काढलं, की कोळशात सुमारे पाच टक्के जैवइंधन पेलेटच्या रूपात मिसळावं. याचा अर्थ काय, ते मांडून बघू. दोन्ही संच पूर्ण भाराने चोवीस तास चालले तर एक कोटी वीस लाख युनिट वीज तयार होईल. एका युनिटला साधारण पाऊण किलो कोळसा धरला तर दिवसाला नऊ हजार टन. त्याचे पाच टक्के म्हणजे साडेचारशे टन. आपल्या अडीच टनांच्या हिशेबाने हे रोजच्या १८० हेक्टरांवरच्या पऱ्हाटीइतकं झालं. आणि हे फक्त एका केंद्राचं.

आकडा मोठा आहे म्हणून हुरळून जायचं कारण नाही. या धंद्यात उतरलेल्यांना विचारलं तर ते आधी अडचणीच सांगतात, आणि त्या ऐकायला हव्यात. पऱ्हाटी ओली असेल तर यंत्र तुंबतं. ओलावा दहा-बारा टक्क्यांवर आणावाच लागतो. चिमट्याने उपटलेल्या मुळांना माती चिकटलेली असते. ती झटकली नाही तर मातीतली वाळू कानशीसारखी काम करते आणि साचा झिजवते. हंगाम तीन महिन्यांचा, पण हप्ता बारा महिन्यांचा. जूनच्या आत वर्षभराचा माल छपराखाली गेला नाही तर पहिल्या पावसात त्याचं खत होतं. आणि उन्हाळ्यात कुटी करणारी टोळी तालुक्यातून फिरवायची, तर प्रत्येक ठिकाणी रस्ता आणि वीज लागते.

शेतकऱ्याला यात किती मिळेल? धुऱ्यावर टनाला हजार रुपये मिळाले असं धरलं, तर हेक्टरी अडीच हजार, एकरी फक्त हजार. याने कोणी श्रीमंत होणार नाही. पण पऱ्हाटी उपटायची मजुरी आज त्याच्या खिशातून जाते, ती निदान भरून निघायला लागते. आणि एक फायदा पैशांत मोजताच येत नाही. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने विदर्भाच्या कापसाचं काय केलं, ते कोणी विसरलेलं नाही. ही अळी उभ्या पऱ्हाटीत, अर्धवट उमललेल्या कवड्यांत पुढच्या हंगामापर्यंत दडून राहते. फरदड घेऊ नका, म्हणजे हंगाम संपल्यावरही कापूस उभा ठेवू नका, पऱ्हाटी वेळेत काढा, असं कृषी विभाग वर्षानुवर्षं सांगतो आहे. काढलेल्या पऱ्हाटीला गिऱ्हाईक असेल, तर सांगायची गरजच उरत नाही.

एक गोष्ट मात्र ठामपणे सांगायला हवी. सगळी पऱ्हाटी, सगळं सोयाबीनचं कुटार, सगळा पालापाचोळा उचलून बॉयलरमध्ये घालणं हा शहाणपणा नव्हे. जमिनीलाही तिचा घास हवा असतो. काळ्या मातीतला सेंद्रिय अंश आधीच खालावला आहे. पाला, कवड्या आणि बारीक काड्या शेतातच राहाव्यात, बुंधा आणि जाड फांद्या कारखान्याला जाव्यात, ही वाटणी ज्या गटाला पाळता येईल, त्याचाच धंदा पर्यावरणपूरक म्हणायचा.

४. तूर जाते, डाळ येते

खामगाव किंवा चिखलीच्या बाजारात तूर विकून परत जाताना शेतकरी किराणा दुकानात थांबतो आणि तूरडाळीचं पाकीट घेतो. ही गोष्ट इतकी सवयीची झाली आहे की तिच्यात काही विचित्र आहे, असं वाटतही नाही.

शंभर किलो तुरीतून सत्तर ते पंचाहत्तर किलो डाळ निघते. उरलेलं चुनी आणि टरफल, म्हणजे उत्तम पशुखाद्य. २०२५-२६ च्या हंगामात तुरीचा हमीभाव क्विंटलला ८,००० रुपये ठरला. समजा त्या भावाने तूर घेतली, ७२ किलो डाळ १२० रुपयांनी विकली, तर ८,६४० रुपये झाले. पंचवीस किलो चुनी-टरफल बावीस रुपयांनी, म्हणजे ५५०. एकूण ९,१९०. क्विंटलमागे ११९० रुपये उरले, ज्यांतून वीज, मजुरी, पिशव्या आणि वाहतूक जायची आहे. दिवसाला तीन क्विंटल डाळ काढणाऱ्या बचत गटाला यात भरपूर नव्हे, पण हक्काचं काम मिळतं. भाव पाच रुपयांनी उतरला तर क्विंटलमागे ३६० रुपये गेले. म्हणून हा धंदा हिशेबाच्या वहीला चिकटून करावा लागतो.

अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने गावपातळीवर चालेल अशी पीकेव्ही मिनी डाळ मिल तयार केली, तिने वऱ्हाडात हा धंदा बचत गटांच्या आवाक्यात आणला. पण यंत्रापेक्षाही इथे खरं काम ऊन करतं. तुरीची साल डाळीला चिवटपणे धरून असते. आधी दाण्यावर खाच पाडायची, मग तेलाचा हात फिरवायचा, ऊन दाखवायचं, पाण्याचा शिपका मारून रात्रभर झाकून ठेवायचं आणि पुन्हा वाळवायचं. दाणा फुगतो, आकसतो, साल सुटते आणि मग तो भरडला की दोन दळं अखंड निघतात. घाई केली तर चुरी वाढते, आणि चुरी वाढली की कमाई घटली. फेब्रुवारी ते मेपर्यंत बुलढाण्यात ऊन कमी पडल्याची तक्रार कोणी करणार नाही. मोठ्या मिलमध्ये हे वाळवण यंत्राने करायचं तर इंधन जळतं. इथे पटांगणावर ताडपत्री पसरली की भागतं.

अशा छोट्या अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी २०२० मध्ये केंद्राने एक योजना सुरू केली, पीएमएफएमई नावाची. प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त दहा लाखांपर्यंत अनुदान बँक कर्जाला जोडून, आणि बचत गटातल्या प्रत्येक सभासदामागे चाळीस हजारांपर्यंत बीजभांडवल, अशी तिची तरतूद.

५. गाळ आणि मुरूम

पाण्याविना यातलं काहीच चालत नाही, आणि पाण्याच्या बाबतीत या जिल्ह्याने देशाला एक गोष्ट शिकवली.

महामार्ग रुंद करायचा तर भरावाला मुरूम-माती लागते. नेहमीची पद्धत म्हणजे कुठलीतरी टेकडी फोडायची. दुसरीकडे तलाव आणि नाले गाळाने भरलेले, त्यांचं खोलीकरण करायला पैसा नाही. बुलढाण्यात या दोन गरजा एकमेकींना जोडल्या गेल्या. राष्ट्रीय महामार्गाच्या कंत्राटदाराने माती तलावातून आणि नाल्यातून न्यायची. खोदाईचा खर्च महामार्गाच्या कामातच धरलेला, त्यामुळे खोलीकरण जवळपास फुकटात झालं. साठवण क्षमता सुमारे ५५० कोटी लिटरने वाढली. नीती आयोगाने या कामाची दखल घेतली आणि 'बुलढाणा पॅटर्न' हे नाव दिल्लीपर्यंत पोचलं. २०१८ मध्ये भारतीय जैन संघटनेने 'सुजलाम् सुफलाम् बुलढाणा' या मोहिमेत शंभराहून जास्त जेसीबी-पोकलेन जिल्ह्यात उतरवले. यंत्रं संघटनेची, डिझेल सरकारचं, आणि गाळ ज्याने त्याने आपल्या ट्रॅक्टरने आपल्या शेतात न्यायचा.

चरवीच्या भाषेत हे ताक. टाकाऊ म्हणून साचलेला गाळ बरड रानावर पडला तर तिथे पीक उभं राहतं. ट्रॅक्टरवाल्याला उन्हाळ्यात काम मिळतं. विहिरीला पाणी राहिलं तर रब्बीचा हंगाम हाती येतो, आणि रब्बी आली की मजूर, अडत्या, खत दुकानदार सगळ्यांचे चार महिने वाढतात.

६. जाळीखालचं बियाणं आणि तुतीची पानं

देऊळगाव राजा आणि सिंदखेड राजाच्या रस्त्याला लागलं की शेतांत हिरव्या-पांढऱ्या जाळ्यांची घरं दिसायला लागतात. आत टोमॅटो, मिरची, वांगं किंवा काकडीचं संकरित बियाणं तयार होतं. शेजारचं जालना हे बियाणे कंपन्यांचं माहेरघर, त्यांच्याशी करार करून हा धंदा चालतो.

काम विलक्षण नाजूक आहे. फूल उमलायच्या आधी चिमट्याने त्यातले पुंकेसर काढून टाकायचे, आणि ठरलेल्या वेळी नराच्या फुलातले पराग स्त्रीकेसराच्या टोकावर लावायचे. एकेक फूल, हाताने. दहा गुंठ्यांच्या जाळीत कितीतरी बायांना महिनोन्‌महिने काम मिळतं, ते याचमुळे. ठिबकवर चालत असल्याने पाणी थोडं लागतं. पण कंपनीच्या चाचणीत बियाणं शुद्ध ठरेपर्यंत पैसे अडकतात, आणि फाटलेली जाळी चार-पाच वर्षांनी प्लास्टिकचा कचरा होऊन धुऱ्यावर येते. तिचं काय करायचं, याचा बंदोबस्त अजून कोणी धड केलेला नाही. तो करणाऱ्यालाही धंदा आहे.

याच पट्ट्यात काही जण तुती लावून रेशमाच्या अळ्या पाळतात. जालन्याच्या बाजार समितीत २०१८ मध्ये रेशीम कोषांची बाजारपेठ सुरू झाली आणि देऊळगाव राजाकडच्या तुतीवाल्यांना कर्नाटकात रामनगरला कोष न्यायचा खटाटोप उरला नाही. तुतीवर कीटकनाशक मारता येत नाही, कारण पान खाऊन अळीच मरते. निसर्गाने घालून दिलेली ही अट कुठल्याही सरकारी नियमापेक्षा कडक आहे. शंभर अंडीपुंजांतून साठ-सत्तर किलो कोष निघतात, महिन्याच्या आत पैसा हाती येतो. उरलेल्या फांद्या शेळ्या खातात, विष्ठेचं खत होतं.

७. जिथे हात न लावणंच कामाचं

लोणारच्या सरोवरालाही एके काळी उद्योग होता. त्याच्या क्षाराचा उल्लेख आईन-ए-अकबरीत काच आणि साबणाच्या संदर्भात येतो, आणि इंग्रजी अमदानीपर्यंत काठावर जमणारे क्षार निरनिराळ्या नावांनी गोळा करून विकले जात. आज सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं हे उल्काविवर अभयारण्य आहे आणि नोव्हेंबर २०२० पासून रामसर यादीतली पाणथळ जागा. त्याच वर्षी जूनमध्ये पाणी गुलाबी झालं तेव्हा सगळ्या देशाने लोणारकडे पाहिलं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने त्यामागे खाऱ्या पाण्यात वाढणारे सूक्ष्मजीव असल्याचं दाखवलं.

इथे कच्चा माल म्हणजे खुद्द शांतता. क्षार काढण्यापेक्षा काठावर माहिती देणारा प्रशिक्षित वाटाड्या, घरगुती मुक्काम आणि झुणका-भाकरीचं ताट यांतून जास्त घरं चालू शकतात. अट एवढीच, की गावाचं सांडपाणी विवरात उतरता कामा नये.

८. थांबायची ताकद

तुपाच्या गोष्टीतली शेवटची अट आठवते? विकेपर्यंत थांबायची ताकद. माल तयार आहे, पण पोराची फी उद्या भरायची आहे, म्हणून पडेल त्या भावाने विकावा लागतो. यंत्र घ्यायला कर्ज मिळतं, कच्चा माल घ्यायला मिळत नाही, आणि मग नवं कोरं यंत्र छपराखाली धूळ खातं. अनुदानाचा फलक लावलेली अशी बंद छपरं जिल्ह्यात फिरताना दिसतात.

यावरचं एक उत्तर राज्य कृषी पणन मंडळाने १९९०-९१ पासून चालवलं आहे : शेतमाल तारण योजना. बाजार समितीच्या गोदामात सोयाबीन ठेवायचं आणि किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज घ्यायचं, १८० दिवसांसाठी, सहा टक्के व्याजाने. वीस क्विंटल सोयाबीन घेऊ. २०२५-२६ चा हमीभाव ५,३२८ रुपये, म्हणजे मालाची किंमत १,०६,५६०. त्याच्या ७५ टक्के म्हणजे ७९,९२० रुपये हातात आले. सहा महिन्यांचं व्याज साधारण २,३६५. क्विंटलमागे दोनशे रुपये भाव वाढला तरी चार हजार वाढले, व्याज वजा जाता सोळाशेच्या वर शिल्लक. भाव वाढला नाही, तर व्याज अंगावर पडलं. जोखीम आहे, पण ती शेतकऱ्याने स्वतः निवडलेली आहे.

याच कल्पनेवर जिल्ह्यात एक मोठी संस्था उभी राहिली. १९८६ मध्ये राधेश्याम चांडक यांच्या पुढाकाराने बुलढाणा अर्बन पतसंस्था सुरू झाली, आणि गोदामातल्या धान्यावर कर्ज हा तिच्या कामाचा कणा ठरला. स्थानिक ठेवी, स्थानिक माल, स्थानिक कर्ज. वर मांडलेला पैशाचा फेरा इथे प्रत्यक्षात फिरताना दिसतो. २०१८ पासून जागतिक बँकेच्या मदतीने चाललेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पातही बुलढाणा आहे. पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यातली, म्हणजे जमिनीखालचं पाणी खारं असलेली गावं त्यात घेतली आहेत, आणि शेतकरी गटांना गोदाम आणि प्रक्रियेसाठी मदत मिळते.

आता समजा, शेगाव-नांदुऱ्याच्या मधल्या एखाद्या गावात वीस जणांच्या गटाने एक छप्पर घातलं आहे. फेब्रुवारी ते मे पऱ्हाटीची कुटी आणि कांड्या. त्याच काळात पटांगणावर तुरीचं वाळवण. जूनमध्ये कांड्यांच्या थप्प्या आत, ताडपत्री वर. पावसाळ्यात थोडी थोडी डाळ भरडणं आणि साठवलेल्या कांड्यांची विक्री. ऑक्टोबरपासून सोयाबीन तारणाला, त्या कर्जातून पुढच्या हंगामाची पऱ्हाटी आगाऊ ठरवायची. यंत्रं दोन, हंगाम चार, हप्ता एकच. जानेवारीत गटातले दोघे वही घेऊन शेतोशेत फिरतील, कोणाची फरदड निघाली आणि कोणाची पऱ्हाटी किती एकर, ते लिहून घेतील, आणि मुळांची माती झटकून ढीग लावा, असं प्रत्येकाला बजावून सांगतील.